बॅटमॅनचा पोशाख घरी करायचा आहे, पण कसा?

रामबागकर (इंदूर)

नमस्कार. आमच्या वसाहतीच्या मराठी मंडळाचे वार्षिक संमेलन डिसेंबरच्या अखेरीस आहे आणि त्यात मुलांची वेशभूषा स्पर्धा ठेवली आहे. विषय आहे 'चित्रपटातील साहसवीर', आणि प्रत्येक स्पर्धकाला व्यासपीठावर दोन मिनिटांत त्या पात्राची एखादी कृती करून दाखवायची आहे. माझ्या बारा वर्षांच्या मुलीने बॅटमॅन व्हायचे ठरवले आहे. 'मुलगी असून बॅटमॅन का' हे तिच्या आजीने विचारून झाले आहे, आणि 'बुरख्याआड कोण आहे हे कळत नाही, म्हणूनच तर' हे उत्तरही मिळाले आहे. तेव्हा तो विषय कृपया येथे पुन्हा काढू नये.

गेल्या वर्षी तिच्या मावसभावासाठी तयार पोशाख विकत घेतला होता. छातीवर स्नायू छापलेले ते पातळ पॉलिएस्टर पहिल्याच वाकण्यात पाठीवर उसवले आणि मुखवट्याच्या डोळ्यांची भोके त्याच्या गालांवर आली. म्हणून या वेळी घरीच करावे असे वाटते. माझ्याकडे आईचे जुने शिलाई मशीन आहे, ब्लाउज आणि पडदे शिवण्याइतका हात आहे, एक महिना आहे आणि सुमारे आठशे रुपये आहेत. कापड कोणते घ्यावे, मुखवटा कशाचा करावा, आणि मुळात हा उद्योग करण्याजोगा आहे का, हे जाणकारांनी सांगावे.

शंकासूर

बॅटमॅन पडला अब्जाधीश. त्या गृहस्थाची सांपत्तिक स्थिती पाहता आठशे रुपयांत त्याच्या मोज्यांची सोय होईल.

जुनीशिवण (इंदूर)

रामबागकर ताई, कापडाचा विचार नंतर करा. आधी मुलीला विचारा की दोन मिनिटांत ती काय करणार आहे. ती उडी मारणार असेल, उकिडवी बसून एकदम उठणार असेल, दोन्ही हात वर करून झूल पसरणार असेल, तर पोशाख त्या हालचालींना शरण गेला पाहिजे. हौशी नाटकांचे कपडे मी तीस-बत्तीस वर्षे शिवले. जे कपडे आरशासमोर उत्तम दिसत, तेच दुसऱ्या अंकात हमखास काखेत किंवा आसनात फाटत, कारण मापे घेताना नट ताठ उभा असे आणि भूमिका करताना तो कधीच ताठ उभा नसे.

आपल्या जुन्या अंगरख्याला काखेत चौबगला असतो, तो उगीच नव्हे. चौकोनी कापडाचा तेवढा एक तुकडा तिरका बसवला की हात वर गेला तरी अंगरखा कमरेवरून उचलला जात नाही. तलवार चालवणाऱ्या माणसाच्या कपड्यात ती सोय हवीच होती. माझा सल्ला असा आहे की तुम्ही अंगाचा पोशाख शिवूच नये. काळा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट आणि काळी लेगिंग घरात असेलच. ती ताणली जाते, धुता येते आणि नंतर वापरता येते. तुमचा वेळ आणि पैसा कान, झूल आणि पट्टा या तीन गोष्टींवर खर्च करा. लांबून बॅटमॅन ओळखू येतो तो या तिन्हींवरून. छातीवरच्या स्नायूंवरून त्याला कोणी ओळखत नाही.

लेगिंग कमी-जास्त करायची वेळ आलीच, तर सरळ टीप मारू नका. ताणणाऱ्या कापडावर सरळ टिपेचा दोरा कापडाबरोबर ताणला जात नाही आणि तटकन तुटतो. मशीनला नागमोडी टीप असेल तर ती वापरा, नसेल तर हाताने उलटी टीप घाला.

फोमवेडा (पुणे)

जुनीशिवण यांच्या अनुभवाचा आदर राखून मला असहमती नोंदवायची आहे. टी-शर्ट, लेगिंग आणि वर कान लावले की तो बॅटमॅन होत नाही; तो काळ्या कपड्यांतला कानवाला मुलगा किंवा मुलगी होते. छातीचे कवच, मनगटांवरचे काटे आणि पट्ट्याच्या डब्या नसतील तर त्या पात्राचा दरारा उरत नाही, आणि आज हे सगळे घरी करणे मुळीच अवघड नाही.

लहान मुलांच्या खोलीत अंथरतात ती कोड्यासारखी एकमेकांत अडकणारी फोमची चटई घ्या. तो ईव्हीए फोम असतो, साधारण दहा मिलिमीटर जाडीचा. छातीच्या कवचाला तो चालतो. कान, पट्टा आणि मनगटाचे काटे यांसाठी पाच-सहा मिलिमीटरचा ताव बरा. आधी वर्तमानपत्राचा नमुना मुलीच्या अंगावर चिकटपट्टीने लावून पाहा आणि मगच फोम कापा. कटरचे पाते नवे हवे, कारण बोथट पाते फोम कापत नाही, कुरतडते. जोड देताना चपला चिकटवायचे रबरी सोल्यूशन दोन्ही कडांना लावा आणि हाताला चिकटेनासे होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटे वाळू द्या. मगच कडा जुळवा, कारण एकदा टेकल्या की सरकवता येत नाहीत. ओले असतानाच दाबले तर जोड उघडतो, आणि सर्वांची पहिली चूक हीच असते. हे काम गच्चीवर किंवा उघड्या खिडकीपाशी करा. त्या सोल्यूशनची वाफ डोक्यात जाते आणि मुलांना तर जवळ बसवूच नये.

फोमला गोलाई देण्यासाठी हीट गन लागते. केस वाळवण्याच्या यंत्राची ऊब बहुधा पुरत नाही. गरम वाऱ्याने पृष्ठभागावरची सूक्ष्म छिद्रे मिटतात आणि फोम किंचित तुकतुकीत दिसू लागतो. त्यानंतर पाणी घालून पातळ केलेल्या पांढऱ्या फेविकॉलचे तीन-चार हात द्या आणि वाळल्यावर ॲक्रिलिक रंग लावा. हे अस्तर न देता थेट रंग दिला तर फोम रंग पिऊन टाकतो.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. थर्मोकोलला हे रबरी सोल्यूशन लावू नका. गणपतीच्या मखरासाठी मी एकदा थर्मोकोलची ढाल केली आणि मूठ चिकटवायला हेच सोल्यूशन वापरले. पाच मिनिटांत ढालीला मुठीच्या आकाराचे आरपार भोक पडले होते. त्यातील द्रावक थर्मोकोल विरघळवतो. थर्मोकोलला पाण्याचा पांढरा गोंदच लावावा.

शंकासूर

म्हणजे ढालीने वार झेलण्याआधीच शरणागती पत्करली.

मालवगंध (इंदूर)

सामानाबद्दल लिहितो. रंग, सोल्यूशन, कटर आणि वेल्क्रोसाठी सियागंज आणि राणीपुरा यांत एक फेरी पुरेशी आहे. काळ्या कापडासाठी सीतलामाता बाजारात जायची गरज नाही, कारण तिथे गेल्यावर आठशे रुपयांत केवळ स्वतःसाठी काही न घेता परत येण्याचा संयम विकत मिळत नाही.

दुसरे असे की फोमच्या आधीही आकार उभे करण्याच्या रीती आपल्या शहरात होत्या आणि आहेत. इंदूरची चामड्याची खेळणी सर्वांनी पाहिली असतील, त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. आत तारेचा सांगाडा, त्यावर कागदाची भर आणि वरून बेतून चिकटवलेले चामडे, अशी ती घडतात. बॅटमॅनचे कान याच रीतीने होतील. जाड तारेचा त्रिकोण, त्यावर रद्दी कागद आणि खळ, वरून जुन्या पर्सचे काळे रेक्झिन. अनंत चतुर्दशीच्या झांक्यांसाठी, म्हणजे मिरवणुकीतल्या चित्ररथांसाठी, गिरणीतले कामगार बांबू, कापड आणि कागदाचे राक्षस उभे करत, ते पाहत आमची पिढी वाढली. हीट गन नसली तरी अडत नाही, एवढेच सांगायचे आहे.

विकतश्री (नाशिक)

एक व्यावहारिक प्रश्न विचारते. महिनाभर आईने रात्री जागायचे, दोन मिनिटांसाठी, आणि शेवटी मुलीच्या मैत्रिणीने विकतचा पोशाख घालून यायचे. मी दोनदा घरी पोशाख केले आणि तिसऱ्यांदा भाड्याने आणला. तिसऱ्यांदा मुलगा सर्वांत खूश होता, कारण मी त्याच्यावर ओरडले नव्हते.

जुनीशिवण

विकतश्री, तुमचे म्हणणे मला पटते. फक्त भाड्याचा पोशाख आणल्यावर घरी बसून काख, आसन आणि गळा या तीन जागी आतून पक्की टीप मारून घ्या. भाड्याच्या कपड्यांना शिवणीत माया जवळजवळ सोडलेलीच नसते.

फोमवेडा यांना उत्तर देते. तुम्ही सांगितलेली कृती उत्तम आहे आणि मीही ती शिकून घेईन. परंतु दहा मिलिमीटरचे छातीकवच घालून बारा वर्षांची मुलगी उकिडवी कशी बसेल? कवचाची खालची कड मांडीला लागेल आणि वरची कड हनुवटीला. हे तुमच्या-माझ्या घरीच होते असे नाही. १९८९ च्या बॅटमॅन चित्रपटातील रबरी पोशाखात टोपी, मान आणि खांदे असे एकसंध होते की बॅटमॅन झालेल्या मायकेल कीटन यांना मान वळवता येत नसे. कोणाकडे पाहायचे तर सबंध धड फिरवावे लागे. त्यांनी त्याचाच रुबाब केला हे त्यांचे कौशल्य, पोशाखाचे नव्हे.

फोमवेडा

हे उदाहरण तुम्ही माझ्याच पारड्यात टाकले आहे. २००८ च्या 'द डार्क नाइट'मध्ये हीच अडचण सोडवली होती. वेशभूषाकार लिंडी हेमिंग यांच्या त्या पोशाखात टोपी मानेपासून सुटी केली होती आणि कवच शंभराहून अधिक तुकड्यांत विभागले होते. चित्रपटातला नायकही नवा पोशाख मागताना मान वळली पाहिजे असेच सांगतो. कवच नको असे त्यांनी ठरवले नाही, त्याचे तुकडे केले. तेव्हा छातीचा तुकडा वेगळा, पोटाच्या दोन-तीन पट्ट्या वेगळ्या, आणि त्या सर्व इलॅस्टिकने किंवा टी-शर्टवर टाके घालून बसवल्या, तर मुलगी उकिडवीही बसेल.

जुनीशिवण

तुकडे केले तर माझी हरकत नाही. मग आपण दोघे एकच गोष्ट सांगत आहोत, तुम्ही फोमच्या भाषेत आणि मी चौबगल्याच्या.

बडोदेकर काकू (वडोदरा)

आमच्याकडे नवरात्रात गरब्याचे केडियू शिवतात, त्यात छातीखाली इतकी चूण घातलेली असते की गिरकी घेताना ते छत्रीसारखे उघडते आणि हात कितीही फिरवले तरी ओढ बसत नाही. नऊ रात्री घामात नाचून जो कपडा उसवत नाही, त्याचा शिंपी कोणत्याही साहसवीराला पुरून उरेल. ब्रूस ली यांच्या मृत्यूनंतर १९७८ मध्ये आलेल्या 'गेम ऑफ डेथ'मधला काळ्या पट्टीचा पिवळा पोशाख आठवतो का? लाथ उंच जावी असाच तो सुटसुटीत होता. ज्यांना शिवणच येत नाही त्यांनी पिवळा ट्रॅकसूट आणून बाजूला काळी पट्टी शिवावी आणि स्वस्थ झोपावे.

लष्करवाला (ग्वाल्हेर)

तुम्ही सर्व जण परदेशी वीरांच्या मागे लागला आहात, म्हणून आमच्या भागाची बाजू मांडतो. मळकी खाकी, काडतुसांचा पट्टा आणि वाढलेली दाढी एवढ्यावर 'शोले'तला गब्बर उभा राहतो, आणि त्याचे नाव तर आमच्याच भिंडकडच्या, १९५९ मध्ये पोलिसांच्या चकमकीत मारल्या गेलेल्या डाकूचे आहे. पडद्यावरचे डाकू पूर्वी धोतर, फेटा आणि कपाळी टिळा लावून येत. १९७५ मध्ये या चित्रपटाने त्याला लष्करी खाकी चढवली. आमच्या चंबळेचे डाकू प्रत्यक्षातही खाकीच घालत.

पण ही खाकी नवी दिसता कामा नये. नवा शर्ट घातलेला गब्बर हा शाळेतला स्काउट वाटतो. उकळत्या चहाच्या पाण्यात तो शर्ट तासभर ठेवावा, कोपर आणि कॉलर पॉलिश पेपरने घासावे आणि विटेची भुकटी चोळावी. चहाचा रंग सुती कापडावर चढतो, पॉलिएस्टरवर चढत नाही, हे आधी पाहून घ्यावे. १९८१ मध्ये आलेल्या पहिल्या इंडियाना जोन्स चित्रपटातील नायकाचे जाकीट करताना वेशभूषाकार डेबोरा नाडूलमन यांनीही कोरे चामडे चाकूने आणि तारेच्या ब्रशने झिजवले होते. मात्र खाकीवर पोलिसांची किंवा सैन्याची चिन्हे लावू नका. लोकांची फसवणूक होईल असा गणवेश घालणे कायद्याने गुन्हा आहे, आणि स्पर्धेतही त्यावरून वाद होतात.

विकतश्री

गब्बर हा साहसवीर कधीपासून झाला?

लष्करवाला

विषय 'चित्रपटातील साहसवीर' असा आहे. पन्नास हजारांचे इनाम डोक्यावर असताना जो दिवसाढवळ्या गावात येतो, त्याच्या साहसाबद्दल शंका नसावी.

जुन्याआठवणी (मुंबई)

मुलीच्या आजींना एक नाव सांगा. नाडिया, 'हंटरवाली', १९३५. वाडिया मूव्हीटोनच्या या चित्रपटात बुरखा, बूट आणि हातात चाबूक घेऊन एक बाई अन्याय करणाऱ्यांना धडा शिकवते. बॅटमॅनचे पात्र त्यानंतर चार वर्षांनी, १९३९ मध्ये, चित्रकथेत आले. मुलीने नाडियाच व्हावे असा माझा आग्रह आहे. पोशाखही सोपा आहे.

रामबागकर

सर्वांचे आभार. आजींना नाव सांगितले, त्यांनी 'माझ्या सासूबाईंनी पाहिला असेल' असे म्हटले आणि बॅटमॅनवरचा आक्षेप मागे घेतला. मुलगी मात्र बॅटमॅनवर ठाम आहे. ती गच्चीच्या कठड्यावर बसल्यासारखी उकिडवी बसणार, हळूहळू मान वळवून सर्वांकडे पाहणार आणि मग उठून झूल पसरणार, असे ठरले आहे. म्हणजे सारा भार मानेवर आला. टोपी आणि झूल यांवर अजून मार्ग सापडलेला नाही. फोमची टोपी करून पाहिली, ती बादलीसारखी दिसते.

चहाटळ

माकडटोपी घाला आणि मोकळ्या व्हा.

जुनीशिवण

चहाटळ यांनी हे विनोदाने लिहिले असले तरी उत्तर तेच आहे. काळी लोकरीची माकडटोपी डोक्याला घट्ट बसते, मानेबरोबर वळते आणि डोळे-तोंड मोकळे ठेवते. कपाळ व नाकापुरता काळ्या रेक्झिनचा अर्धा मुखवटा आतून हाताने टाचा आणि कान मालवगंध यांच्या रीतीने करून वर बसवा. लोकरीवर सोल्यूशन लावू नका, ते आत झिरपून कडक होते आणि केसांना चिकटते. कानांच्या बुडाशी आणि टोपीवर टिचबटणे शिवा. लोकर ताणली जाऊ नये म्हणून टोपीच्या आतल्या बाजूला प्रत्येक बटणामागे जाड कापडाचा रुपयाएवढा तुकडा ठेवा.

कोकणीछत्री (रत्नागिरी)

झुलीसाठी कापड विकत घेऊ नका. आमच्याकडे दर पावसाळ्याअखेर घरात तीन मोडक्या काळ्या छत्र्या असतात, तुमच्याकडेही एखादी असेल. काड्यांच्या टोकांचे टाके उसवून कापड अलगद काढा. आठ पाकळ्यांचा तो गोल असतो आणि दोन काड्यांमधली कड आतल्या बाजूला वळलेली असते, म्हणजे वटवाघळाच्या पंखाचा आकार आयताच मिळतो. मोठी, आजोबांची लांब दांड्याची छत्री घ्यावी. आठांपैकी पुढच्या तीन पाकळ्या काढून टाका आणि पाच ठेवा. मुलीच्या गळ्याचा घेर बत्तीस सेंटिमीटर धरला तर मधोमध साधारण आठ सेंटिमीटर त्रिज्येची कमान कापावी लागेल. पूर्ण गोल ठेवला असता तर पाच सेंटिमीटर त्रिज्या पुरली असती. काडी सत्तर सेंटिमीटरची असेल तर झूल बासष्ट सेंटिमीटर उरते, म्हणजे बसण्याच्या जागेपर्यंत येते आणि उठताना पायात अडकत नाही.

टाचण्या लावू नका, त्या कापडावर पडलेली भोके बुजत नाहीत; कपड्यांचे चिमटे वापरा. टीपही लांब ठेवा, कारण बारीक टिपेने कापड तिकिटासारखे फाटते. कापलेल्या पाकळ्यांतून मनगटाच्या पट्ट्या होतील.

बडोदेकर काकू

छत्रीचे कापड नायलॉनचे किंवा पॉलिएस्टरचे असते आणि ज्योतीजवळ गेले की वितळून अंगाला चिकटते. मंडळाच्या कार्यक्रमात व्यासपीठावर समई तेवत असते. ती मुलांच्या स्पर्धेपूर्वी हलवून घ्या, हे आयोजकांना आजच सांगा. आणि झूल गळ्याशी नाडीने बांधू नका; वेल्क्रो लावा, म्हणजे कुठे अडकली तर ओढ बसताच सुटेल.

मालवगंध

समईचा मुद्दा लाखमोलाचा आहे, तो मलाही सुचला नव्हता.

रामबागकर

कार्यक्रम काल पार पडला, म्हणून सविस्तर लिहिते. एकूण खर्च सहाशे चाळीस रुपये झाला. सासऱ्यांच्या छत्रीची झूल उत्तम झाली. फोमवेडा यांच्या रीतीने पट्टा आणि मनगटाचे काटे केले. पहिला जोड मी घाईने ओलाच दाबला आणि तो उघडला, तेव्हा ती चूक सर्वांची असते या वाक्याने धीर आला. छातीचे कवच तीन तुकड्यांत करून टी-शर्टवर टाचले होते, परंतु रंगीत तालमीत मुलगी बसली की पोटावरची पट्टी वर सरके, म्हणून ती शेवटच्या दिवशी काढून टाकली. फोमवेडा, क्षमस्व. समई पडद्यामागे नेली गेली. मुलीने मान वळवली तेव्हा सभागृहात खरोखर शांतता पसरली, आणि ती टोपी कोणाची आहे हे पहिल्या रांगेतल्या तिच्या आजोबांनी शेजाऱ्यांना सांगेपर्यंत ती टिकली.

तिला उत्तेजनार्थ पारितोषिक मिळाले. पहिले पारितोषिक वडिलांचा पट्टा गळ्यात घालून आलेल्या पाच वर्षांच्या गब्बरला मिळाले. तो संवाद विसरला आणि रडू लागला.

लष्करवाला

मी याआधी जे लिहिले त्यात भर घालण्याची आवश्यकता मला वाटत नाही.

फोमवेडा

पोटाच्या पट्टीला खालून टाका आणि वरून इलॅस्टिक, असे करून पाहा. पुढच्या वर्षी सरकणार नाही.

रामबागकर

नक्की करून पाहीन. तूर्त दुसरीच अडचण आहे. आज पहाटे सासरे फिरायला गेले ते तीच टोपी घालून. डावा कान काढला होता, उजव्याचे टिचबटण घट्ट बसले आहे आणि त्यांच्याने निघाले नाही. लोकर न फाडता ते कसे सोडवावे?

जुनीशिवण

बटणाच्या दोन भागांमध्ये चमच्याचा पातळ दांडा सरकवा आणि हलकेच फिरवा. बोटांनी ओढू नका.